दोन बोटांच्या फटीची पेटी

आई,

मी तुझ्याकडे येऊन राहिली. ही बातमी आधीच सांगते, कारण पोटात ठेवून ठेवून आता धीर निघत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला, पित्ताशयात सुरू झालेलं आता लिव्हरभर पसरलं आहे हे पेनाच्या टोकानं दाखवलं, आणि मग खुर्ची मागे सरकवून आवाज हळू केला. दोन महिने म्हणाले, फार तर तीन. त्यांना वाटलं मी रडेन. मी विचारलं, "म्हणजे डॉक्टरसाहेब, नाताळ इकडे की तिकडे?" माझ्या पोरीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. लहानपणी पाहुण्यांसमोर ती जास्त बोलायला लागली की मी तिला असाच पाय द्यायची.

तुला काय सांगू, त्या दिवसापासून मला झोप नाही ती दुखण्यानं नाही. दुखतं, खोटं कशाला बोलू, उजव्या कुशीत कोणी मुठीनं दाबून धरल्यासारखं दुखतं. पण शाळेला सुट्ट्या लागायच्या आधीच्या आठवड्यात कसं व्हायचं, वर्गात बसून जीव बाहेर, तसं माझं चाललं आहे. पांढरं लुगडं नीळ देऊन, धुऊन घडी करून ठेवलं. माझे डोळे आणि अंग संत्र्यासारखं पिवळं झालं आहे, पांढऱ्यावर खुलून दिसेन. भांडी वाटून टाकली, फक्त तुझी पितळी पळी ठेवली आहे. आणि हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, ती वाया कशाला घालवायची म्हणून त्यांच्यावर हे लिहून राहिली.

तुझ्यासाठी बातम्याही किती साचल्या आहेत! पांढुर्णा जिल्हा झाला, आई. आणि तुझं सौसर त्यात आलं. पांढुर्ण्याची माणसं नुसती मोठ्या तोंडाची, असं तू माझ्या लग्नात माझ्या सासूसमोर म्हणाली होतीस. आता बोल! हे पाच वर्षांपूर्वी तिकडे आले, भेटले असतील. त्यांना सांग, चष्मा सापडला, कपाटाच्या मागे होता, माझ्यावर उगाच ओरडले होते. आणि आपला बाळ, माझा भाऊ, जो दीड महिन्याचा असताना गेला, तो तिकडे अजून दुपट्यातच आहे की माझ्याहून मोठा झाला? आमच्या पाळकसाहेबांना मी विचारलं. ते डोकं खाजवून म्हणाले, शास्त्रात एवढं बारीक दिलेलं नाही. मी म्हटलं, राहू द्या, मी जाऊनच पाहते. त्यांना हसावं की प्रार्थना करावी ते कळेना.

हे सगळं खरं आहे. पण तुझ्यासमोर उभी राहीन तेव्हा तू पहिल्यांदा काय विचारशील, तेही मला माहीत आहे, आणि म्हणूनच आज दुपारी वही घेऊन बसले.

हॉस्टेलचं ते स्वयंपाकघर आठवतं का? मुलींच्या हॉस्टेलात तू स्वयंपाकाला होतीस आणि मी शाळा सुटली की तिथंच, धुराच्या कोपऱ्यात पाटावर. मी नऊ वर्षांची. त्या रविवारी देवळात साक्षीची वेळ झाली, कोणा कोणाला देवानं काय दिलं ते लोक उभं राहून सांगत होते, आणि मीही उठले. मी सांगितलं की देवानं मनात घातलं म्हणून मी माझी नवी लाल रिबीन एका गरीब मुलीला देऊन टाकली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मागच्या बाकावरच्या एका बाईनं तर डोळे पुसले. देवळातून तू मला हाताला धरून आणलंस. मग वरणाचं मोठं गंज चुलीवर, तुझ्या हातात हीच पळी.

"कोणाले दिली रिबीन?"

"एका पोरीले."

"नाव सांग."

नाव कुठून सांगू? रिबीन नाल्यावर खेळताना हरवली होती, आणि हरवली म्हटलं तर मार बसेल म्हणून मी ती देवाच्या नावावर टाकली होती. तू मारलं नाहीस. पळी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "ढवळ. आता पाह्य, पोरी जास्त आल्या का मी वरणात पाणी वाढवतो. त्यानं कोणी मरत नाही. पण साक्षीत पाणी वाढवशील, तर ते पिणाऱ्याचं पोट भरणार नाही, अन् काहून भरून नाही राहिलं हे त्या बिचाऱ्याले समजणार बी नाही." दुसऱ्या दिवशी तू तुझ्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून माझ्या वेणीत बांधलास. हॉस्टेलच्या मुली हसल्या. मी तो काठ मॅट्रिकपर्यंत वापरला.

आता परवाची गोष्ट. पोरगी नवऱ्याला आणि मुलाला नागपूरला ठेवून, शाळेतून सुट्टी टाकून महिन्याभरापासून माझ्याकडे आहे. चांगलं करते सगळं, पण बोलत नाही. मी गुणगुणायला लागले की तिचा चेहरा बंद होतो. मी म्हटलं, मला सौसरला ने, आजीच्या कबरेजवळची जागा पाहू आणि पेटीचं सांगून येऊ. ती म्हणाली, "आई, लोक मेल्यावर पेटी आणतात." मी म्हटलं, मेल्यावर मला भाव करता येणार आहे का? नाइलाजानं तिनं गाडी काढली. बसनं गेलो असतो तर रस्त्यात माणसं भेटली असती, पण ती ऐकेना. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू आहे. रस्त्यानं सगळीकडे गाड्या लागलेल्या, काच उघडली की संत्र्याच्या सालीचा वास. मी म्हटलं, "किती छान दिवस आहे गं जायला!" तिनं काच वर केली.

पेटी कोणाकडे सांगायची ते माझं ठरलेलं होतं. त्यालाच, ज्यानं तुझी केली होती. तुला आतून दिसलं असेल की नाही कोण जाणे, म्हणून बाहेरून कसं दिसलं ते सांगते. तू गेलीस तेव्हा आपल्या ख्रिस्ती मंडळीतला जो एकटा सुतार होता तो लेकीकडे गावाला गेलेला. उन्हाळा, थांबायला वेळ नाही. कोणीतरी म्हणालं, लाकडाची पेटीच करायची आहे ना, तो संत्र्याच्या पेट्या ठोकतो त्याला सांगा. नवीन लग्न झालेला माणूस, आयुष्यात ख्रिस्ती माणसाची मयत पाहिलेली नाही. त्यानं मान हलवली, उंची विचारली, आणि चार तासांत पेटी आणून ओट्यावर ठेवली. संत्र्याचीच पेटी, आई! तुझ्या मापाची, पण दोन्ही बाजूंना फळ्यांच्या मध्ये दोन दोन बोटं फट, आणि आत वाळल्या गवताचं तणस भरलेलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. फट तशीच होती. दुसरी करायला वेळ नव्हता. मी आतून तुझी चादर लावली तरी तणस बाहेर यायचंच, आणि कबरस्तानापर्यंत कोणाची तरी एक शेळी आपल्या मागे मागे, पडलेलं तणस खात. लोक गीत म्हणत होते आणि मला वाटत होतं जमीन फाटावी. आपल्या आईला मी माल भरून पाठवल्यासारखं पाठवलं, ही लाज मी कितीतरी वर्षं बाळगली.

आता त्याचे केस पांढरे झाले आहेत. प्लास्टिकची कॅरेटं आली तशा लाकडी पेट्या बंद झाल्या, तो दाराच्या चौकटी आणि दिवाण करतो. मी ओळख सांगितली तर हातातला रंधा खाली ठेवून उभाच राहिला.

"बाई, ते पेटी माह्या मनातून गेली नाही अजून. मागून मले लोकायनं सांगतलं, अशी नसते म्हणून. पण मले काय माहीत! ताज्या मालाले हवा नाही लागली तर घाम सुटते, सडते. मले वाटलं, त्या बाईनं बी एवढ्या लांब जायचं हाये, जीव गुदमरू नये."

एवढ्या लांब जायचं आहे! आई, मी तिथं लाकडाच्या ओंडक्यावर बसले आणि हसायलाच लागले. मला एकदम दिसलं. शेवटच्या दिवशी तुतारी वाजेल, सगळे मेलेले उठतील, तेव्हा ज्यांच्या पेट्या घट्ट, पॉलिश केलेल्या, पितळी कड्यांच्या, ते आत अंधारात डोळे चोळत बसतील की काय झालं बुवा. आणि तुझ्या फटींतून पहिला उजेड आत! तू सगळ्यांच्या आधी उठून, पदर खोचून, बाकीच्यांना हाका मारत असशील. हॉस्टेलातही पहाटे तुझीच हाक पहिली असायची. एवढी वर्षं मी ज्याची लाज धरली ते तर तुला मिळालेलं सर्वांत चांगलं लाकूडकाम निघालं.

मी म्हटलं, "भाऊ, माझी बी तशीच करा. दोन बोटं फट ठेवून."

"मस्करी करून राहिले का बाई?"

"नाही. पॉलिश नको, कड्या नको. फट पाहिजे. अन् तणस भरा, मायच्यात होतं तसं."

त्यानं टेप काढला. "जित्या माणसाचं माप मी पहिल्यांदाच घेऊन राहिलो," म्हणाला. मी ब्लाउजचं माप देताना राहतात तशी ताठ उभी राहिले आणि त्याला म्हटलं, "नीट घ्या, उसवून वाढवायला मी परत यायची नाही." तो हसला, मी हसले. आणि मागून माझी पोरगी ओरडली. आयुष्यात इतक्या मोठ्यानं ती माझ्यावर ओरडली नव्हती.

"पुरे कर आता! किती आनंद होऊन राहिला तुला! आजी आहे तिकडे, बाबा आहेत, सगळे आहेत. इथं कोण आहे? मी कोणीच नाही का? एवढी घाई आहे तर जा! जा एकदाची!"

रंध्याच्या सालपटात उभी होती ती, दोन्ही मुठी वळलेल्या. आणि मी, आई, मी तिच्याकडे पाहत नव्हतेच. मी तुझ्या खाटेजवळ उभी होते.

कारण हेच, अगदी हेच शब्द मी तुला बोलले होते. तुला आठवत असतीलच. शेवटचे ते आठ दिवस तू कशी झाली होतीस! अंगात हाडं उरली होती, पण वेणी घालून दे, नखं काढ, पांढरं लुगडं कुठं आहे, आज कोणता वार. तुझ्या बाबांना भेटेन, बाळाला घेईन. दिवसभर एकच. पदराला दोन वर्षांची पोरगी लटकलेली, मी पांढुर्ण्याचं घर टाकून तुझी सेवा करून राहिली, आणि तुझ्या तोंडात सगळी तिकडचीच नावं. त्या दुपारी तू विचारलंस, "गाडी आली का माही?" आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "एवढी घाई आहे तर जा! जा एकदाची!" आणि पेजेची वाटी आपटून स्वयंपाकघरात गेले. रागानं चहा ठेवला. कप घेऊन परत आले तर तू गेलेली होतीस.

मंडळीतल्या बायका आल्या. शेवटचं काय बोलणं झालं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी तिला म्हटलं, जा. एवढंच. "धन्य गं पोरी," एक म्हातारी म्हणाली, "आईला हसत मोकळं केलंस." मी नाही म्हटलं नाही. वर्षानं देवळात साक्षीला उभी राहिले तेव्हा त्यात शांती आली, हसू आलं, तुझा हात माझ्या हातात आला. मी वरणात पाणी वाढवलं, आई. आणि ती साक्ष चालली. कोणाच्या घरी कोणी शेवटच्या आजारात असलं की मला बोलावणं यायचं, तू तुझ्या आईला कसं सोडलंस ते आमच्या पोरीला सांग. सौसरला सांगितलं, लोधीखेड्याला सांगितलं. लोकांना धीर यायचा, तेही खरं. माझी पोरगी माझ्या मांडीवर बसून तेच ऐकत मोठी झाली.

आणि ती त्यानंच उपाशी राहिली. हे मला परवा कळलं, त्या अंगणात नाही, गाडीत. अंगणात ती ओरडली. सुतारानं टेप गुंडाळायला घेतला. तेव्हा तीच पुढे आली, डोळे पुसले, टेपचं टोक त्याच्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "रुंदी जास्त धरा थोडी. तिला झोपेत कूस बदलायची सवय आहे." त्यानं मान खाली घालून आकडा लिहून घेतला. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण माझ्या खांद्यावर टेप होता आणि तिनं मला हलू दिलं नाही.

परत येताना रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून ती रडली. म्हणाली, "तू आजीला कशी हसत जा म्हणाली, अन् मी तुला कशी म्हणाली. रोज सकाळी प्रयत्न करते आई, तुझ्यासारखं व्हायचं. मला नाही जमत. माझ्यात तेवढा विश्वासच नाही." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. पण मागून संत्र्याच्या गाडीनं हॉर्न वाजवला, तिनं डोळे पुसून गाडी सुरू केली, आणि मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "देव देईल गं शक्ती."

एक गोष्ट मात्र तुला सांगितलीच पाहिजे, ती सांगताना माझ्या छातीत धडधडतं इतका आनंद होतो. एवढी वर्षं मला वाटायचं, तू माझा तो 'जा' काळजाला लावून गेलीस. परवा तोच 'जा' मला कोणी दिला, आणि ऐकताना कसा लागतो ते मला कळलं. लागत नाही, आई! माझ्या पोरीनं मला दोन्ही हातांनी धरून ठेवल्यासारखं वाटलं. तोंडानं जा म्हणत होती आणि मला जागचं हलू देत नव्हती. तुलाही तेच ऐकू आलं ना? म्हणून तुझा चेहरा तसा निवांत होता ना, मी चहा घेऊन आले तेव्हा? सांगू नकोस, मी येऊनच विचारते.

हे पत्र पेटीत, तणसाखाली, माझ्याबरोबर ठेवा असं सांगायचं मी ठरवलं होतं. आता नाही सांगत. तुला यातलं सगळं तोंडानं सांगता येईल, तुझी माझी भेट पक्की आहे. ही पानं इथल्या माणसाला, माझ्या पोरीला, पाहिजेत. मी गेल्यावर सापडतील अशी ठेवावीत, हाही विचार आला, रव्याच्या डब्यामागे. पण मग ती मला काही विचारू शकणार नाही, ओरडूही शकणार नाही, आणि ओरडायचा तिचा हक्क आहे.

ती आत माझ्यासाठी पेज करून राहिली. तुझी पळी गंजाला लागल्याचा आवाज येतो. मघाशी दारात येऊन तिनं विचारलं, "काय लिहिते गं एवढं?" आणि मी पटकन म्हणाले, "लिंबाच्या लोणच्याची कृती." आजचं हे एक नवीन खोटं. बघ मग, मी अशी आहे. तुझ्याकडे यायला मी टाचा उंचावून उभी आहे, मध्ये मरण आहे त्याचं मला काही वाटत नाही, पण या खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत वही घेऊन जायला माझे पाय थरथरून राहिले.